पोकरमधील गंगाजळी आणि पणाचे प्रमाण

पोकरच्या खेळाडूने केवळ खेळासाठी म्हणून वेगळ्या काढलेल्या रकमेस ‘बँकरोल’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘गंगाजळी’ म्हणता येईल. मात्र एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. गंगाजळी हा शब्द मुळात गंगोदकाच्या पात्राचा वाचक असून, पुढे तो सहसा हात लावावयाचा नाही अशा राखीव निधीस लागू झाला. पोकरची गंगाजळी मात्र नित्य पणास लागते. तिचा किती अंश एका वेळी पणास लावावा आणि अधिक रकमेच्या मेजावर केव्हा बसावे, हे दोन प्रश्न वरवर निराळे भासतात. वस्तुतः ते एकच होत.

या प्रश्नाचे गणिती विवेचन बेल प्रयोगशाळेतील जे. एल. केली यांनी १९५६ साली केले. त्यास आधार होता क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहिती-सिद्धान्ताचा. डावाच्या निकालाविषयी इतरांहून अधिक माहिती असलेल्या माणसाचे भांडवल कमाल वेगाने वाढावयाचे, तर त्याने दर डावास ठराविक रक्कम न लावता भांडवलाचा ठराविक अंश लावला पाहिजे, असे केली यांनी दाखविले.

उदाहरणार्थ, लावलेल्या रकमेइतकीच रक्कम मिळावी वा जावी असा डाव असून खेळाडू शंभरांपैकी ५५ डाव जिंकतो, असे समजू. जिंकण्याच्या संभाव्यतेतून हरण्याची संभाव्यता वजा केली की योग्य अंश मिळतो. येथे तो १० टक्के येतो. आरंभी १,००० रुपये असले आणि शंभर डावांत ५५ जय व ४५ पराजय पदरी पडले, तर १० टक्के लावणाऱ्याजवळ सुमारे १,६५० रुपये होतील. २० टक्के लावणाऱ्याजवळ ९८६ राहतील. आणि ४० टक्के लावणाऱ्याजवळ अवघे ११ उरतील. तिघांचे कौशल्य सारखेच, दैवही सारखेच. भेद आहे तो केवळ प्रमाणाचा. याचे कारण असे की नफातोटा येथे गुणाकाराने साठत जातो. २० टक्के तूट भरून काढण्यास २५ टक्के वाढ लागते, तर ४० टक्के तुटीस सुमारे ६७ टक्के.

प्रत्यक्ष पोकरमध्ये जिंकण्याची संभाव्यता आगाऊ ठाऊक नसते. झालेल्या खेळावरून ती अदमासाने ठरवावी लागते आणि आपल्या कौशल्याविषयीचा अदमास बहुधा चढाच असतो. म्हणून सूत्रातून निघणाऱ्या अंशाहून कमी लावणे इष्ट ठरते. २००० साली ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ची प्रमुख स्पर्धा जिंकलेले ख्रिस फर्ग्युसन यांनी २००६ मध्ये शून्यापासून आरंभ करून १०,००० डॉलर जमविण्याचा प्रयोग हाती घेतला व तो तडीस नेला. रोख खेळाच्या मेजावर गंगाजळीच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊन बसावयाचे नाही, हा त्यांच्या नियमांपैकी एक होता.

वरच्या मेजावर केव्हा जावे, याचे उत्तर या नियमातच आहे. १,००० डॉलरची गंगाजळी असता ५० डॉलरचे मेज योग्य होय. तेवढ्याच बळावर १०० डॉलरच्या मेजावर बसणारा आपला अंश दुप्पट करतो. शिवाय तेथे प्रतिस्पर्धी अधिक निष्णात असल्याने त्याची जिंकण्याची संभाव्यता घटते. ती ५५ वरून ५२ टक्क्यांवर आली, तर वरील उदाहरणातील योग्य अंश १० वरून ४ टक्क्यांवर येतो. म्हणजे अंश जेव्हा कमी व्हावयास हवा, नेमका तेव्हाच तो वाढविला जातो.

१०० डॉलरच्या मेजास किमान २,००० डॉलरची गंगाजळी हवी. आणि ती घटताच निमूटपणे खाली उतरण्याची तयारीही हवी. चढणे बहुतेकांस जमते. निपुण खेळाडूंचेही दिवाळे निघते ते बहुधा उतरण्यात कमीपणा वाटल्यामुळे.