काळी पुळण, पांढरी पुळण

रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या डोंगरावर उभं राहिलं की एका हाताला काळा समुद्र आणि दुसऱ्या हाताला पांढरा. पाणी दोन्हीकडे तेच, रंग वाळूचा. मांडवीच्या पुळणीवर लोहचुंबक फिरवून बघा. काळी पूड त्याला चिकटून वर येते. सह्याद्रीचा बसाल्ट झिजला, नद्यांनी त्यातली इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी जड खनिजं समुद्रात आणून टाकली. लाटांनी मग सुपात धान्य पाखडावं तशी ती पाखडली: हलकं ओढून नेलं, जड तिथेच ठेवलं. पलीकडच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, म्हणून ती उजळ. मध्ये फक्त हा एक डोंगर.

महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटरच्या किनाऱ्याची गंमत या बदलण्यात आहे. म्हणून कोकणात जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं, की एकाच पुळणीवर मुक्काम ठोकू नका, किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत जा. वाट खाड्या अडवतील. हिमयुग ओसरल्यावर समुद्र चढला आणि नद्यांची खोरी बुडाली, त्याच या बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्या. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जाता येतं. अशा वेळी गाडीत बसून राहू नका. खाडीत आत नजर टाकली की वाळूचा किनारा संपून चिखल आणि खारफुटी सुरू झालेली दिसते.

देवगड मागे टाकून मालवण-वेंगुर्ल्याकडे निघालं की बसाल्टची सत्ता संपत येते. इथले खडक त्याहून कितीतरी जुने आणि गारगोटीने भरलेले. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात काचेसाठी लागणारी सिलिका वाळू निघते, ती याच जुन्या खडकांतली. पुळणीही इथे लख्ख होतात. मालवणसमोर कुरटे बेटाच्या खडकावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! त्यांच्या काठाशी मी दर खेपेला रेंगाळतो.

उत्तरेकडे हरिहरेश्वरला मात्र घड्याळ सांभाळावं लागतं. देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलं की कातळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. फटींत शिरलेलं खारं पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणाने सुटत जातो. ही वाट ओहोटीतच मोकळी असते. इथल्या लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत. कोकणातला जुना ठोकताळा सोबत ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढतं आणि तितकंच खाली उतरतं. तेव्हा ओहोटी सूर्योदयाच्या सुमारास येते आणि ओला कातळ कोवळ्या उन्हात पाहायला मिळतो. तरी निघण्याआधी गावात विचारून घ्या आणि पाणी वळायच्या आत परत फिरा.