चित्रातलं क्रियापद

न्याय म्हटलं की तराजू, शांतता म्हटलं की कबुतर, कल्पना म्हटलं की पेटलेला बल्ब. अप्लाइड आर्टच्या मुलांना एखाद्या लेखासाठी चित्र काढायला दिलं की कागदावर आधी हेच उमटतं. हात तयार असतो, रेषाही सुरेख असते. पण लेखकाला जे म्हणायचंय ते चित्रात कुठेच नसतं. मी त्यांना सांगतो, लेखाचं सार एका वाक्यात लिहा, त्यातलं क्रियापद अधोरेखित करा आणि चित्र त्या क्रियापदाचं काढा.

शिगेओ फुकुदा या जपानी चित्रकाराचं 1975 चं 'व्हिक्टरी 1945' हे पोस्टर मी दरवर्षी वर्गात दाखवतो. महायुद्ध संपल्याला तीस वर्षं झाली, त्या निमित्तानं वॉर्सात झालेल्या स्पर्धेत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर तोफेची तिरपी काळी नळी आणि एकच गोळा. गोळ्याचं टोक मात्र नळीच्या तोंडाकडे. सुटलेला गोळा परत फिरलाय. सैनिक नाही, रक्त नाही, कबुतर तर नाहीच. फुकुदांचा जन्म 1932 चा, म्हणजे ऐन पोरवयात त्यांच्या देशानं युद्ध सोसलेलं. तरी त्यांनी फक्त एका वस्तूची दिशा बदलली आणि उरलेलं पाहणाऱ्यावर सोपवलं. पाहणाऱ्यावरचा हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

सॉल स्टाइनबर्ग या अमेरिकी चित्रकारानं दिशेऐवजी माप बदललं. 29 मार्च 1976 च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नाइन्थ ॲव्हेन्यूवरच्या इमारती अगदी बारकाईनं काढल्या आहेत. हडसन नदीपलीकडची सगळी अमेरिका मात्र हातरुमालाएवढी. आपल्याकडे व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांची 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठंही अशीच निवांत वाचावी लागतात.

मागे एका मासिकासाठी आटत चाललेल्या विहिरींवरच्या लेखाला चित्र हवं होतं. भेगाळलेली जमीन आणि डोक्यावरचा हंडा मी आधीच बाद केले; ते इतक्या वेळा छापले गेलेत की नजर तिथे थांबतच नाही. लेखाचं वाक्य लिहिलं : पोहऱ्याला दरवर्षी जास्त दोर जोडावा लागतो. 'जोडणं' मिळालं. काडेपेटीएवढ्या चौकटींत कच्ची चित्रं काढत गेलो. शेवटी विहिरीच्या काठावर एक बाई उरली, हातात छोटा पोहरा आणि बाजूला तिच्या खांद्यापर्यंत पोचलेलं दोराचं वेटोळं. पाणी कुठेच दाखवलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं दुःखही खोडलं आणि तिला पाठमोरी केलं, कारण दुःख दोरानं आधीच सांगितलं होतं.

शिकू पाहणाऱ्यांनी आपलं चित्र लेख न वाचलेल्या माणसापुढे ठेवावं, शीर्षक झाकावं आणि गप्प बसावं. तो 'विहीर आहे' म्हणाला तर पुन्हा कागद घ्या. 'पाणी फारच खोल गेलेलं दिसतंय' म्हणाला, तर चित्र छपाईला द्या.