विजेचें बिल आणि परदेशचें ऋण

विजेचें बिल हातीं पडलें म्हणजे बहुतेक घरांतून तळची रक्कम तेवढी वाचली जाते. ‘दर पुन्हां वाढला’ असा उद्गार निघतो, आणि कागद फडताळांत जातो. वाणसामानाच्या यादींत चार रुपयांचा फरक दिसला तर वाण्यास जाब विचारणारीं आपलीं घरें विजेच्या बाबतींत मात्र मुकीं असतात. दर कोणीं ठरविला, कशावरून ठरविला, आणि ज्या खर्चापोटीं तो ठरला तो खर्च खरोखरच झाला काय, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. या दराच्या मुळाशीं कित्येकदां परदेशांतून काढलेलें कर्ज असतें. कर्ज सरकार काढतें, करारावर सह्या अधिकारी करतात. फेड मात्र घरोघरच्या बिलांतून होते.

मनुस्मृतींत जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत त्यांत पहिलें स्थान ऋणादानास आहे. कर्ज काढणें हेंच पाप, असें आपल्या शास्त्रकारांनीं म्हटलें नाहीं. कोणतें कर्ज कोणीं फेडावें, याचा विचार मात्र त्यांनीं बारकाईनें केला. कुटुंबाच्या पोषणासाठीं झालेलें ऋण कुटुंबानें फेडलें पाहिजे. बापानें द्यूतापायीं किंवा मद्यापायीं केलेल्या ऋणाचा भार मुलावर नाहीं. ऋण कुटुंबार्थ झालें कीं नाहीं, ही एकच कसोटी घेऊन आपण विजेच्या कर्जांकडे पाहूं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळांत जागतिक बँकेनें आपल्याकडे विजेसाठीं जीं कर्जें दिलीं, त्यांत १९५४ सालीं मुंबईच्या ट्रॉम्बे येथील टाटांच्या औष्णिक केंद्रास दिलेलें एक, आणि पुढें कांहीं वर्षांनीं कोयनेच्या प्रकल्पास दिलेलें दुसरें. तो पैसा यंत्रांत आणि बांधकामांत गेलेला डोळ्यांनीं दिसत होता. असें ऋण फेडतांना मनास सल राहत नाहीं.

१९९३ सालीं बँकेनें आपलें धोरण निराळ्या शब्दांत मांडलें. जें सरकार वीजधंदा व्यापारी पद्धतीनें चालवील, खर्च भरून निघेल इतका दर ठेवील आणि दर ठरविण्यास स्वतंत्र आयोग नेमील, त्यासच यापुढें कर्ज मिळेल, असा त्याचा मथितार्थ. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. आपल्या राज्यांचीं वीजमंडळें तोट्यांत रुतलीं होतीं. घरांस व शेतीस खर्चाहून कमी दरानें वीज द्यावयाची, ती तूट कारखान्यांकडून भरून घ्यावयाची, आणि चोरीस ‘गळती’ असें सभ्य नांव द्यावयाचें, असा सर्वत्र परिपाठ होता.

या नव्या धोरणाचा पहिला प्रयोग ओरिसांत (२०११ सालापासून ओडिशा) झाला. १९९६ सालीं बँकेनें त्या राज्याच्या वीजसुधारणेस ३५ कोटी डॉलरचें कर्ज मंजूर केलें. जुनें वीजमंडळ मोडून वहनाची एक आणि जलविद्युताची दुसरी अशा संस्था झाल्या. देशांतील पहिला राज्य वीज नियामक आयोग तेथेंच बसला. १९९९ सालीं वितरणाच्या चार कंपन्यांपैकीं तीन मुंबईच्या बी.एस.ई.एस. कंपनीस आणि चौथी अमेरिकेच्या ए.ई.एस. कंपनीस देण्यांत आली.

आतां हिशेब पहा. जुनीं धरणें, जुनीं यंत्रें, जुन्या तारा नव्या संस्थांच्या स्वाधीन करतांना त्यांची किंमत कागदोपत्रीं पुष्कळ वाढवून लिहिली गेली. धरण तेंच, पाणी तेंच. वहींतील आंकडा तेवढा बदलला. परंतु किंमत वाढली म्हणजे घसारा वाढतो, घसारा वाढला म्हणजे खर्च वाढतो, आणि दर खर्चावर ठरावयाचा असल्यामुळें तो वाढीव आंकडा अखेर गिऱ्हाइकाच्या बिलांत उतरतो. ज्या धरणाची किंमत लोकांनीं एकदां भरली होती, तिचेंच ओझें त्यांच्यावर दुसऱ्यांदा पडण्याची वेळ आली.

गळतीची गोष्ट याहून विलक्षण आहे. प्रकल्प आंखतांना गळती शेंकडा ४० च्या आंत धरली होती. मीटर नीट तपासले जाऊं लागल्यावर ती जवळजवळ निम्मी निघाली. म्हणजे दोन घागरी पाणी भरावें आणि घरीं पोहोंचतांना एकच उरावी, तसा प्रकार. पायाच चुकीचा असल्यावर त्यावर रचलेले नफ्याचे अंदाज कोसळले. दर वाढले, तरी तूट भरली नाहीं. कारण जो प्रामाणिकपणें बिल भरतो त्याचा दर वाढवून, जो भरतच नाहीं त्याची वसुली होत नसते. त्यांतच १९९९ च्या ऑक्टोबरांत महाचक्रीवादळानें खांब आणि तारा भुईसपाट केल्या. २००१ सालीं अमेरिकन कंपनीनें काढता पाय घेतला. त्याच वर्षीं कानुनगो समितीनें या सर्व प्रकाराची चौकशी केली. सल्लागारांवर ३०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाल्याचें तिच्या अहवालांतून पुढें आलें. वाढीव किंमतींचा परिणाम पुढें सरकारनें स्थगित ठेवला. उरलेल्या तिन्ही कंपन्यांचे परवाने आयोगानें २०१५ सालीं रद्द केले, आणि २०२० व २०२१ या सालांत चारही विभागांचें वितरण टाटा पॉवरकडे गेलें.

एवढ्यावरून सावकार परदेशी म्हणून त्याच्या माथीं सर्व खापर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. आपल्या दाभोळचेंच उदाहरण घ्या. एन्रॉनच्या त्या प्रकल्पास कर्ज देण्याचें याच जागतिक बँकेनें १९९३ सालीं नाकारलें होतें. इतकी महाग वीज राज्यास पेलणार नाहीं, असा तिचा अभिप्राय होता. तो बाजूस सारून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपल्या मंडळानें करार केला. वीज घेवो वा न घेवो, ठराविक आकार देण्याचें त्यानें बांधून घेतलें. २००१ सालीं तें केंद्र बंद पडलें. तेथें सावकारानें सावध केलें आणि यजमानानें ऐकलें नाहीं. ओरिसांत सावकाराचा आंकडा यजमानानें पारखून घेतला नाहीं. दोन्हीकडे उणीव एकच. ज्यांनीं पैसे भरावयाचे त्यांना वही दाखविली गेली नाहीं.

म्हणून ‘दर वाढवूं नका’ एवढेंच म्हणून भागणार नाहीं. स्वस्त वीज म्हणजे फुकट वीज नव्हे. आज जें बिलांत दिसत नाहीं तें उद्यां करांतून किंवा अंधारांतून भरावें लागतें. खरा खर्च देण्यास गृहस्थानें कां कूं करूं नये. परंतु तो खरा आहे हें पाहण्याचा हक्कही त्यानें सोडूं नये. असा हक्क आज कायद्यानें आहे. आपल्या राज्यांत १९९९ सालापासून वीज नियामक आयोग आहे, आणि २००३ च्या वीज कायद्यान्वयें दराचा अर्ज जाहीर करून लोकांच्या सूचना व हरकती विचारांत घेणें त्यास भाग आहे. दाभोळचे आणि ओरिसाचे करार चाळून त्यांतील दोष उघडे करण्याचें काम पुण्याच्या ‘प्रयास’ या लहानशा संस्थेनें केलें. त्यास लागली ती मुख्यतः चिकाटी आणि अंकगणित. हीं दोन्ही मध्यम स्थितींतील शिकलेल्या घरांत दुर्मिळ नाहींत.

पुढच्या महिन्याचें बिल आलें म्हणजे तळच्या रकमेवर न थांबतां वरच्या ओळी वाचाव्या. स्थिर आकार कोणता, वहनाचा कोणता, इंधनापोटीं वाढलेला कोणता, शासनाचें शुल्क किती, हें घरांतील मुलांकडून मांडून घ्यावें. त्रैराशिक शिकविण्यास याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. दराच्या अर्जाची जाहिरात वर्तमानपत्रांत आली तर ती कापून ठेवावी, आणि शंका असेल तेथें दोन ओळींची हरकत लिहून धाडावी. ऋण कुटुंबार्थ झालें काय, हें विचारण्याचा अधिकार कुटुंबाचाच आहे. तो त्यानें वापरला नाहीं, तर सही दुसऱ्याची आणि फेड आपली हा व्यवहार असाच चालू राहील.