साचा, पंप आणि निफाडची थंडी

डिसेंबर-जानेवारीत हवामानाच्या बातम्यांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचं नाव हमखास येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर घसरला की बागाईतदार रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. अशा पहाटे एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये इपॉक्सी रेझिनचा डबा उघडला, तर आतला द्रव काकवीसारखा घट्ट झालेला सापडतो. तो कापडात मुरत नाही, हवेचे बुडबुडे सोडत नाही आणि रात्रभर ठेवूनही नीट वाळत नाही. कार्बन फायबरचे भाग बनवणारी छोटी कार्यशाळा या तालुक्यात थाटायची असेल, तर विचाराची सुरुवात या डब्यापासूनच करायला हवी.

या तालुक्यात हा विषय परका मुळीच नाही. ओझर निफाड तालुक्यातच येतं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, 1964 साली, तिथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि गावाचं नावच ‘ओझर मिग’ होऊन बसलं. मिग-21 हे प्रामुख्याने धातूचं विमान. पत्रा, रिवेट आणि फिटरचा हात यांवर उभं राहणारं. त्या कामातून परिसरात लोखंड-ॲल्युमिनियम ओळखणाऱ्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21ला शेवटचा निरोप दिला गेला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, नाशिकमध्ये जुळणी झालेलं पहिलं तेजस एमके-1ए ओझरहून झेपावलं. तेजसच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे 45 टक्के भाग कार्बन कंपोझिटचा आहे आणि बाहेरून दिसणारा जवळजवळ सगळा पृष्ठभाग त्याचाच. ज्या धावपट्टीच्या आसपास आयुष्यभर पत्रा वाकवला गेला, तिथे आता कापड आणि डिंकाचं विमान उडतं आहे. मला हा बदल फार मोठा वाटतो.

कापड आणि डिंक हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण या पदार्थाचं सगळं मर्म त्यांत आहे. कार्बनचा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. असे तीन हजार तंतू एकत्र आले की एक धागा होतो. बाजारात त्याला ‘थ्री-के’ म्हणतात. त्या धाग्यांचं कापड विणतात आणि रेझिनमध्ये भिजवून साच्यावर बसवतात. तयार भागाची घनता पोलादाच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते. ताकद मात्र धागा ज्या दिशेला धावतो त्याच दिशेला मिळते. पत्र्याला दिशा फारशी नसते, कापडाला असते. म्हणून एक थर सरळ, दुसरा पंचेचाळीस अंशांत तिरका, आणि मध्यापासून वर-खाली सारखीच रचना ठेवावी लागते. ती चुकली, तर भाग साच्यातून निघताच पापडासारखा वाकडा होतो.

आता शेडकडे वळू. सहाशे-सातशे चौरस फुटांचा गाळा दोन-तीन माणसांना पुरतो. यंत्रांच्या आधी भिंत घाला, असं मी आग्रहाने सांगेन. एका बाजूला स्वच्छ काम: कापड कापणं, रेझिन कालवणं, थर बसवणं. दुसऱ्या बाजूला धुळीचं काम: कडा कापणं, भोकं पाडणं, घासणं. कार्बनची धूळ अंगाला खाजते, फुप्फुसात जाते आणि त्यातून वीज वाहते. ती स्विचबोर्डात किंवा मोटारीत शिरली की शॉर्ट सर्किट ठरलेलं. म्हणून कापताना पाण्याची धार आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. वीज जोडणीचं पॅनेल स्वच्छ खोलीत, बंद दाराआड ठेवावं.

स्वच्छ खोलीत आठ बाय चार फुटांचं टेबल, त्याच्या डोक्याशी पाइपवर टांगलेला कापडाचा रोल. हे कापड घडी घालून ठेवत नाहीत. घडीवर तंतू तुटतात आणि तयार भागात तिथेच पांढरट रेघ उमटते. कापण्याआधी रेषेवर मास्किंग टेप लावून टेपच्या मधोमध कात्री चालवली, तर कडेचे धागे सुटत नाहीत. एका भागाला लागणारे सगळे तुकडे आधीच कापून, क्रमांक टाकून, एका ट्रेमध्ये रचून ठेवावेत. एकदा रेझिन कालवलं की घड्याळ सुरू होतं. त्या वेळी तुकडा शोधत बसणारी कार्यशाळा दिवसाला एक भाग काढते. ट्रे तयार ठेवणारी तीन काढते.

घड्याळाचा मुद्दा निफाडमध्ये आणखी कडक आहे. रेझिन आणि हार्डनर यांची अभिक्रिया तापमानावर चालते. दहा अंश वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्म्यावर येतो. मे महिन्यात चाळीस अंशांत पाव किलो मिश्रण एकाच डब्यात ठेवलं, तर ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडू लागतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्याला चिकटत नाही. म्हणजे हिवाळ्यात गरम करायचं, उन्हाळ्यात पहाटे काम उरकायचं, पावसाळ्यात खोली कोरडी ठेवायची. बावीस ते अठ्ठावीस अंश हे सुखाचं तापमान. द्राक्ष बागाईतदाराला ही शिस्त नवी वाटू नये. द्राक्षघड जिबरेलिक आम्लात बुडवताना पीपीएम चुकला तर घडाचं काय होतं, हे तो जाणतो. रेझिनचं प्रमाणही वजनाने मोजायचं, अंदाजाने कधीच नाही. शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम हार्डनर सांगितला असेल तर तीसच. ‘लवकर वाळावं’ म्हणून जास्त टाकलेला हार्डनर भाग कायमचा मऊ ठेवतो.

खरा जीव आहे तो व्हॅक्यूममध्ये. भिजवलेल्या थरांवर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड, त्यावर छिद्रांची फिल्म, त्यावर जादा रेझिन शोषणारं जाड कापड आणि सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी. कडेला चिकट टेपचा बंद. पंप सुरू झाला की पिशवी चुरगळत साच्याला बिलगते आणि हवा स्वतःच्या भाराने थर दाबते. एका चौरस फुटावर सुमारे नऊशे किलोचा दाब, तोही प्रत्येक कोपऱ्यात सारखा! फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तसा दोन टप्प्यांचा पंप यासाठी पुरतो. त्याच्या आधी एक घट्ट झाकणाचं भांडं जोडावं, म्हणजे रेझिन पंपात शिरत नाही.

इथे एक खास निफाडची गोष्ट. हे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी. मुंबईत ज्या पंपाचा काटा पाऱ्याच्या 750 मिलिमीटरपलीकडे जातो, तो इथे 710 च्या आसपास थांबतो. पुस्तकातला आकडा पाहून नवशिका पंपच बिघडला समजतो आणि दुसरा आणतो. पंप ठीक असतो. तपासायची असते ती गळती. कापड कोरडं असतानाच एकदा पिशवी बांधून बघावी, व्हॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं काट्याकडे पाहावं. काटा हलला तर खोलीतले सगळे आवाज बंद करून कान टेपजवळ न्यावा. केसाएवढ्या फटीतूनही बारीक शिट्टी ऐकू येते, आणि ती बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या चुणीत सापडते. लाइट जाणार हे गृहीत धरून पंपाला एक रिकामी टाकी आणि उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह जोडावा, शक्य असल्यास इन्व्हर्टरही.

उष्णतेसाठी रॉकवुल भरलेली पत्र्याची पेटी, हीटर, पंखा आणि तापमान नियंत्रक एवढं बस्स. साठ ते ऐंशी अंशांत काही तास, चढ-उतार सावकाश. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी भट्टी, विकत घेण्याचा मोह सुरुवातीला टाळावा. त्याला लागणारं प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन भरलेलं कापड, उणे अठरा अंशांत ठेवावं लागतं. द्राक्षांची शीतगृहं शून्याच्या आसपास चालतात. ती त्याला पुरत नाहीत.

पैसा आणि वेळ खाणारी वस्तू म्हणजे साचा. आरशासारखा घासलेला, भाग सुटावा म्हणून दोन-तीन अंशांचा उतार दिलेला, मेणाचे पाच-सहा हात चढवलेला. गणपतीच्या फायबर मूर्तींचे साचे काढणारे कारागीर हे काम आधीपासून करतात; त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. रात्रभर भाग साच्यातच वाळत पडतो, त्यामुळे माणसं रिकामी आणि साचा अडकलेला, असं होतं. तिसरा माणूस नेमण्याऐवजी त्याच भागाचा दुसरा साचा करावा. उत्पादन तिथेच दुप्पट होतं.

तयार भाग तपासायला दोन साधनं पुरतात. एक वजनकाटा: कापड तीनशे ग्रॅम असेल आणि भाग पाचशेच्या आसपास भरला तर उत्तम, सहाशेला चालेल, सातशे म्हणजे रेझिन फुकट गेलं आणि भाग जड झाला. दुसरं एक रुपयाचं नाणं. आपण माठ घेताना जसं वाजवून बघतो तसं नाण्याने सगळीकडे हलकं ठोकायचं. खणखणीत आवाज म्हणजे थर एकजीव, बद्द आवाज म्हणजे आत पोकळी. विमानांच्या देखभालीतही ही ठोकून ऐकण्याची तपासणी वापरतात.

गिऱ्हाइकाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ओझर जवळ आहे म्हणून उडणाऱ्या विमानाचे भाग लगेच मिळतील, ही आशा धरू नये. त्या कामाला एएस 9100 सारखं प्रमाणपत्र, प्रत्येक रोलचा मागोवा आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. पहिलं काम फवारणीच्या ड्रोनचे हात, कारखान्यांतले हलके जिग, मोटरसायकलचे भाग यांतून शोधावं. ॲल्युमिनियमला कार्बन चिकटवायचा असेल तर मध्ये काचेच्या कापडाचा एक थर जरूर घाला. नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम सडतं.

तालुक्यात हा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पहिला भाग बहुधा टाकूनच द्यावा लागेल. टाकण्याआधी त्याचं वजन, त्या दिवसाचं तापमान, मिश्रणाचं प्रमाण आणि गेजचा आकडा एका वहीत लिहून ठेवा, आणि दुसरा भाग त्या वहीसमोर बसून बनवा.