लाइट गेलीय? मग पंख्याला हात नको!

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कडावला वीकएण्ड होम म्हणजे एकदम कूल! बालदिगंबर गणपतीचं दर्शन, धो-धो पाऊस, भाताची हिरवी खाचरं... आणि गेलेली लाइट. 'लाइट नाहीच आहे, तोवर पंखा बदलून टाकू,' असं इथे हमखास सुचतं. नेमकं तेच जिवावर बेतू शकतं.

एक तर गेलेली लाइट सांगून परत येत नाही. दुसरं, घरात इन्व्हर्टर असतो. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या पॉइंट्सना २३० व्होल्ट मिळतच राहतात.

तिथल्या एका वायरमनदादांचं काम मी पाहिलं. ते लाइट यायची वाट बघत बसले! कारण साधं. लाइट नसताना टेस्टर पेटला नाही, तर पॉइंट बंद आहे की टेस्टरच बिघडलाय, हे कळणार कसं?

लाइट आल्यावर त्यांनी आधी चालू पॉइंटवर टेस्टर लावून पाहिला. मग इन्व्हर्टर बंद. मग डबल पोल मेन खाली, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले. मेनच्या बॉक्सला कुलूप, किल्ली खिशात. कुणी येऊन परत चालू करायला नको! मग पंख्याच्या वायरींना टेस्टर. शेवटी मीटरकडून येणाऱ्या वायरवर तोच टेस्टर पुन्हा तपासला. ती वायर मेन पाडल्यावरही जिवंतच असते, म्हणून हे काम त्यांचंच, आपलं नव्हे.

तेव्हा लायसन्सवाला वायरमनच बोलवा. आणि तो ही तपासणी करत असेल, तर 'दादा, आटपा लवकर' म्हणू नका!