जनावरांच्या जबड्यावरील सूज : ओळख व उपाय

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले. हा परिसर प्रामुख्याने जिरायती शेतीचा. देवणी व लाल कंधारी या मराठवाड्याच्या जातिवंत बैलांनी येथील मशागतीचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहिला आहे. उन्हाळ्यात त्यांची सारी भिस्त कोरड्या कडब्यावर असते. कडब्याची टोकदार धसकटे, गवताची कुसळे वा बाभळीचे काटे यांनी तोंडाच्या आतील नाजूक आवरणास इजा होते आणि जबड्याच्या एका चिवट रोगास वाट मिळते.

‘ॲक्टिनोमायसिस बोव्हिस’ हे जिवाणू एरवीही गाईबैलांच्या तोंडात असतात. जखम होताच ते हाडात शिरतात. दाढांजवळ जबड्याच्या हाडावर गाठ येते. ती दगडासारखी टणक असते, बोटांनी हलत नाही आणि सुरुवातीस फारशी दुखतही नाही. साहजिकच तिकडे दुर्लक्ष होते. पुढे ती फुटते व चिकट पू वाहू लागतो. त्यात गंधकासारखे बारीक पिवळे कण आढळतात. दाढा हलतात, रवंथ करणे अवघड होते आणि जनावर खंगत जाते.

यावर पशुवैद्यक शिरेतून सोडियम आयोडाइड देतात व जोडीला प्रतिजैविके योजतात. उपचारांनी रोगाची वाढ थांबू शकते. मात्र विरूप झालेले हाड पूर्ववत होत नाही. म्हणून गाठ सुपारीएवढी असतानाच जनावर दाखविणे श्रेयस्कर. गाय गाभण असल्यास तसे आधीच सांगावे. तापल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य होय. हाडातील जिवाणूंपर्यंत तो चटका पोहोचत नाही, मुक्या जिवाला आणखी एक जखम तेवढी होते. पू वाहणारे जनावर वेगळे बांधावे व त्याचा उष्टा चारा इतरांस घालू नये.

जबड्याखालची प्रत्येक सूज मात्र या रोगाची नसते. सूज मऊ, थंड असेल व बोटाने दाबल्यास खळगा राहत असेल, तर यकृतातील चपटे कृमी वा रक्त शोषणारे जंत यांचा संशय घ्यावा. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ती सायंकाळी वाढते व सकाळी ओसरते. तलावाच्या पाणथळ काठावर, जेथे गोगलगायी असतात, तेथे चरणाऱ्या जनावरांत चपटे कृमी विशेषतः संभवतात. अशा वेळी शेण तपासून घ्यावे. खाद्याबरोबर तार वा खिळा पोटात जाऊन हृदयास इजा झाली, तरीही अशी सूज येते.

गरम, दुखरी व झपाट्याने गळ्याकडे पसरणारी सूज, सोबत तीव्र ताप आणि श्वासाची घरघर ही घटसर्पाची लक्षणे होत. येथे एका रात्रीचाही विलंब घातक ठरतो. कित्येकदा जनावर चोवीस तासांत दगावते. म्हशींना धोका अधिक. पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण हाच यावरील भरवशाचा उपाय.

२०२२ च्या साथीनंतर कोणत्याही गाठीस ‘लम्पी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. लम्पी चर्मरोगात ताप येतो व अंगभर त्वचेवर गाठी उठतात. जबड्याच्या हाडावरील एकटी गाठ म्हणजे लम्पी नव्हे.

घटसर्प हा २००९ च्या केंद्रीय प्राणी संसर्गजन्य रोग नियंत्रण कायद्यातील अनुसूचित रोग आहे. त्याचा संशय येताच मालकाने ग्रामपंचायतीस कळवावे व पंचायतीने नजीकच्या पशुवैद्यकास लेखी सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहून ठेवणे उपयुक्त ठरेल.