शेनिन : लोआरची वेल गोदेच्या खोऱ्यात

फ्रान्समधील सर्वांत लांब नदी म्हणजे लोआर. सुमारे १००० किलोमीटर वाहत जाऊन ती अटलांटिक महासागरास मिळते. या नदीच्या काठी तूर नावाचे शहर आहे, आणि त्याच्या पूर्वेस, उत्तर तीरावर, व्हूव्ह्रे हे लहानसे गाव वसले आहे. तेथील डोंगरकडा मऊ, फिकट पिवळ्या चुनखडकाचा आहे. या खडकाचे चिरे काढून आसपासचे वाडे व प्रासाद बांधले गेले. चिरे काढल्यावर ज्या गुहा उरल्या, त्यांत लोकांनी घरे थाटली आणि वाइनची पिंपे ठेवली. गुहांतील हवा बाराही महिने १२ अंश सेल्सियसच्या आसपास असते. कड्याच्या माथ्यावर द्राक्षाचे मळे आणि त्याच कड्याच्या पोटात द्राक्षांची वाइन, अशी ही निसर्गदत्त सोय आहे. व्हूव्ह्रेच्या पांढऱ्या वाइनला १९३६ साली कायद्याने स्थाननामाचे संरक्षण मिळाले. ही वाइन मुख्यतः एकाच जातीच्या द्राक्षापासून होते. त्या जातीचे नाव शेनिन ब्लाँ.

या द्राक्षाचा विशेष असा की, ते पुरते पिकले तरी त्याची आंबट धार जात नाही. द्राक्षाच्या मण्यात प्रामुख्याने दोन अम्ले असतात : टार्टारिक अम्ल, जे चिंचेत आढळते, आणि मॅलिक अम्ल, जे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देते. मणी पिकू लागला की त्यात शर्करा साठते, आणि श्वसनक्रियेत मॅलिक अम्ल खर्ची पडू लागते. हवा जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. लोआरच्या खोऱ्यात शेनिन सप्टेंबर-ऑक्टोबरात, क्वचित नोव्हेंबरातही पिकते. तोवर थंडी पडू लागलेली असते, म्हणून अम्ल शिल्लक राहते. काही वर्षी शरद ऋतूतील सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन यांच्या योगाने मण्यांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. एरवी ही बुरशी पिकाचा नाश करते. येथे मात्र ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडून मण्यातील पाणी उडवून लावते आणि आत दाट, मधासारखा रस ठेवते. अशी गोड वाइन अनेक दशके टिकते. ती टिकते ती साखरेइतकीच अम्लाच्या बळावर.

शेनिनने देशांतर फार पूर्वीच केले. दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत १६५५ मध्ये युरोपातून आणलेल्या वेली लावल्या गेल्या. तेथे ‘स्टीन’ या नावाने एक पांढरे द्राक्ष पिढ्यान्पिढ्या पिकत होते. ते शेनिनच होय, ही गोष्ट निश्चित व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले. आज या जातीचे सर्वाधिक क्षेत्र फ्रान्समध्ये नसून दक्षिण आफ्रिकेत आहे.

महाराष्ट्रात ही वेल अलीकडची. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली होती. त्यानंतर राजीव सामंत यांनी नाशिकजवळ आपल्या कुटुंबाच्या जमिनीत शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या फ्रेंच जाती १९९७ च्या सुमारास लावल्या. त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि लागवडीने वेग घेतला.

आता येथे एक मोठी अडचण होती, आणि ती मातीची नव्हती. लोआरचे खोरे ४७ अक्षांशावर आहे, नाशिक २० अक्षांशावर. लोआरकाठी हिवाळ्यात पाने गळतात, वेल चार-पाच महिने झोपी जाते आणि वसंतात सारे डोळे जवळपास एकदम फुटतात. नाशिकच्या वेलीला झोपवील असा हिवाळाच नाही. तिला तशीच राहू दिली तर ती वर्षभर हिरवी राहील, डोळे वाटेल तसे मागेपुढे फुटतील आणि घड धरलेच तर ऐन पावसाळ्यात कुजतील. जे काम तेथे हिम करते, ते येथे शेतकऱ्याच्या कात्रीला करावे लागते.

ही कात्री वर्षातून दोनदा चालते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. जुन्या काड्या जवळजवळ मुळापर्यंत छाटून टाकतात. उन्हाळ्याच्या प्रखर प्रकाशात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपात आकार घेतात. हा काळ पुढे ढकलला जाऊन आभाळ भरून आले, तर घडांची संख्या घटते. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी होते. तिच्यानंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचा लेप लावतात, म्हणजे हिवाळा सरला अशी जणू वेलीची समजूत होऊन डोळे एकसारखे फुटतात. छाटण्या दोन, पण पीक एकच. जानेवारी ते मार्च हा त्याच्या तोडणीचा काळ.

या पंचांगाचा परिणाम थेट चवीवर होतो. लोआरचे शेनिन उन्हाळ्यातून थंडीकडे पिकत जाते; नाशिकचे थंडीतून उन्हाळ्याकडे. निफाड भागातील कडाक्याची थंडी महाराष्ट्राला परिचित आहे. जानेवारीच्या रात्री अम्लाचे रक्षण करतात, पण फेब्रुवारी सरता सरता दुपार तापू लागते आणि साखर वाढत असतानाच आंबटपणा झपाट्याने उतरतो. तोडणी आठवडाभर लांबली तरी फरक पडतो. म्हणून घड पहाटेच्या गारव्यात तोडून लगोलग वाइनरीत नेतात, आणि रस पोलादी टाक्यांत यंत्राने थंड ठेवून मंदगतीने आंबवतात. व्हूव्ह्रेच्या गुहेत हिवाळा आला की किण्वन आपोआप थांबे व थोडी साखर शिल्लक राही. नाशिकला तीच किंचित गोडी शीतयंत्राने राखली जाते. मात्र अशी वाइन दीर्घकाळ साठवण्याची नव्हे. ती वर्षा-दोन वर्षांत पिण्याजोगी असते आणि त्यात काही कमीपणा नाही.

हवेची उणीव दुसऱ्या मार्गानेही भरून निघते, तो म्हणजे उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. बंगळूर तर विषुववृत्ताच्या आणखी जवळ, १३ अक्षांशावर. परंतु पीण्याच्या कारखान्यांचा पट्टा मागे टाकून उत्तरेस नंदीच्या डोंगरांकडे निघाले, की ९०० मीटरच्या आसपासचे पठार लागते. तेथे दोड्डबळ्ळापूरजवळ ग्रोव्हर कुटुंबाने १९८८ पासून फ्रेंच जातींची लागवड केली आणि बोर्दोचे मिशेल रोलाँ यांचा सल्ला घेतला. अक्षांशाचे उणे उंचीने अंशतः भरून काढण्याचा हा दाखला होय.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र शेनिनची खरी जोखीम बाजारात आहे. थॉम्पसनसारखे खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. शेनिनचा मणी लहान, रसाळ आणि बियांचा. तो टोपलीत घेऊन बाजारात बसण्याचा माल नव्हे. त्याचे गिऱ्हाईक वाइनरी, आणि वाइनरीच. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन थंडावले, वाइनचा खप घटला आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढील एक-दोन हंगामांत नाशिक भागातील कित्येकांची द्राक्षे वेलीवरच राहिली, आणि काहींनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वेल उभी करण्यास दोन-तीन वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कुऱ्हाडीच्या घावाची किंमत कळते. तरीही लागवड टिकून राहिली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची भौगोलिक उपदर्शन म्हणून २०१०-११ मध्ये नोंद झाली. व्हूव्ह्रेला जे १९३६ मध्ये लाभले, त्याच जातीचे हे संरक्षण आहे.

आभाळाने मात्र दोन्ही खोऱ्यांना सारखेच लेखले आहे. १७ जून २०१३ रोजी व्हूव्ह्रेवर गारांचा मारा झाला आणि तेथील सुमारे दोन तृतीयांश मळ्यांची हानी झाली. पीक तेव्हा फुलोऱ्याच्या बेतात होते. अवघ्या आठ-नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये, महाराष्ट्रभर गारपीट झाली. नाशिकला ती गाठली तेव्हा अनेक बागांत घड तोडणीला आले होते.